कोट नाही म्हणाला

बसा विहीणबाई, बसा. पदर खोचून निघालात कुठं? कल्याणची वाट काही पळून जात नाही. मुलीची आई असून मीच सगळ्यांदेखत मोठ्यानं 'नाही' म्हटलं आणि वर आमच्या बायका फिदीफिदी हसल्या, म्हणून तुम्हाला राग आला. यायलाच हवा. तुमच्या जागी मी असते तर एव्हाना सगळ्यांना घेऊन माघारी फिरले असते, आणि जाता जाता दोन शब्द ऐकवलेही असते. पण आता पहिली हाक झाली आहे, दुसरी व्हायची आहे, आणि मधल्या वेळात पान खात बसायचं ही इथली रीत आहे. तेवढ्यात सांगते. शकू, विहीणबाईंच्या पानाला चुना कमी लाव, आधीच तापल्यात.

हे समोर खाडीला पाठ लावून उभं आहे ना, दोन बुरुज, रंगीत काचांच्या खिडक्या, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, त्याला येणारेजाणारे राजवाडा म्हणतात. आम्ही कोटच म्हणतो. राजवाडा कालचा, कोट फार जुना. माझ्या आजीच्या आजीलाही तो कुणी बांधला ते माहीत नव्हतं. इथं फिरंगी राहिले, मग मराठे आले, मग टोपीवाले. टोपीवाल्यांना पलीकडचा ठाण्याचा किल्ला आवडला. तिथं त्यांनी कैदी भरले आणि आमचा कोट दिला सोडून. भिंती पडल्या, दार तेवढं उभं राहिलं. आत म्हशी चरायच्या, आणि मधोमध एक उंबर होता.

आमच्या गावात मुलीच्या मांडवाची मेढ त्याच उंबराच्या फांदीची. दुसरी चालत नाही. आणि ती ओरबाडून आणायची नाही, कोटाच्या धन्याला विचारून आणायची. दोन्ही घरची माणसं दाराशी यायची आणि धवलारीण, म्हणजे आमच्यात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई, ती तीनदा विचारायची:

कोटाच्या धन्या रं, दाराशी ये,
लेकीच्या मांडवा फांदी रं दे.

आता धनी कोण? कोणीच नाही. असल्या तर म्हशी. तीनदा विचारायचं, आतून कोणी नाही म्हणालं नाही की झाली परवानगी, घाला कोयता. माझ्या आजीचं लग्न असंच झालं, आईचंही. गप्प बसणाऱ्या धन्यासारखा चांगला धनी नाही, असं माझा बा म्हणायचा. काळुराम त्याचं नाव. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, त्याला धन्यांची पारख होती.

मग खराच धनी आला.

आगगाडी सुरू होऊन बरीच वर्षं झालेली. मी नुकती परकरातून लुगड्यात आलेले. महिपतराव महाराज म्हणून घाटावरच्या कुठल्याशा लहान संस्थानाचे राजे होते. त्यांना पोटाचं दुखणं, डॉक्टरनं खाऱ्या वाऱ्याला राहायला सांगितलेलं. मुंबईला बंगला घेतला असता तर शेजारी यांच्याहून मोठे राजे निघाले असते, म्हणून आमच्याकडं आले, असं लोक म्हणायचे. विलायतेतल्या कुठल्या राजाचा समुद्रकाठचा किल्ला त्यांनी चित्रात पाहिला होता. त्यांना तस्साच पाहिजे होता. पारसिकच्या डोंगराचा दगड आला, शिंपल्या भाजून चुना झाला, सगळं गाव पाट्या वाहायला लागलं. मीही वाहिल्यात. तो डावीकडचा बुरुज दिसतो ना, त्यात माझा घाम आहे, म्हणून तो जरा वाकडा आहे असं आमचे हे म्हणतात. त्यांचं काय ऐकायचं.

बुरुज उभे राहिले, पण बागेचं काही केल्या जमेना. त्या चित्रात किल्ल्याभोवती गुलाब होते, हिरवळ होती, कारंजं होतं. म्हणून देशावरून सहदेव माळी आला, त्याच्यामागून होड्या भरभरून गुलाब आले. अमावास्येचं उधाण चढलं, खारं पाणी मुळाशी गेलं आणि गुलाब काळे पडले. पुन्हा आणले, पुन्हा काळे. जाई गेली, मोगरा गेला, शेवंती गेली. शेवंती माझ्याच नावाची म्हणून मला जरा लागलं. कारंज्यात दगडाची एक बाई घागर घेऊन उभी केलेली, आणि घागरीतून पडायचं ते खाडीचंच पाणी. उन्हाळ्यात त्या बाईच्या अंगावर हा असा मिठाचा थर चढला. बा घरी येऊन म्हणाला, आम्ही आगरात वाकून वाकून मरतो, राजानं बघा उभ्या उभ्या मीठ पिकवलं. आई आठवडाभर हसत होती.

त्या अख्ख्या बागेत हिरवं काय होतं? तो उंबर. कुणी लावला नाही, कुणी शिंपला नाही, तरी आपला डेरेदार. महाराज रोज संध्याकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायचे. सहदेव म्हणायचा, मोठ्या बागेचे राजे व्हायला आले आणि एका झाडाचे राजे झाले. म्हणून त्यांनी हुकूम काढला होता, की कोटातल्या झाडाचं पान कुणी तोडायचं नाही. आम्हाला हा हुकूम ठाऊक नव्हता. आम्हाला कोण सांगणार?

आणि कोट बांधून झाल्यावर गावातली पहिली मुलगी लग्नाला आली ती मी.

मुलगा डोंबिवलीचा, नाथा. हेच आमचे हे. मिठाच्या होडीवर यायचे. सगळे गोणी पाठीवर टाकून वाकून चालायचे, हे गाणं म्हणत चालायचे, आणि तेही बेसूर. मला आवडायचे. आता लपवून काय करायचं, चार लेकरं झाली. बोलणी झाली, दिवस ठरला, तेव्हा मला जेवण जाईना इतका आनंद झालेला.

तर अशाच सकाळी आम्ही या दाराशी आलो. माझे सासरे आनंदा, सासूबाई हौसाबाई, आमच्याकडची झाडून सगळी. धवलारीण होती माझी गोदाआत्या, बाची सख्खी बहीण. तिनं उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही, नवऱ्याचंही नाही. तो बिचारा त्यातच सुखी होता. आता दाराला नवं रंगवलेलं फाटक आहे, वर बुरुज आहे, आत माणूस राहतोय, हे सगळं आम्हाला दिसत होतं. पण रीत ती रीत. इतकी वर्षं दाराला विचारत आलो, दार कधी बोललं नाही. त्यामुळं आत खरोखर कुणी ऐकेल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. बानं तर आधीच कोयता काढून हातात धरलेला.

आत्यानं पहिली हाक दिली. आणि वरून आवाज आला, "नाही."

बाई गं. आत्या आयुष्यात पहिल्यांदा सूर चुकली. बाच्या हातातून कोयता पडला. दोघीतिघींना वाटलं, कोटच बोलला. मान वर केली तर बुरुजावर जरीची टोपी घातलेला, जाडगेला एक माणूस.

"इथलं पानसुद्धा कुणी तोडायचं नाही," असं म्हणून तो आत गेला.

सासऱ्यांनी पागोटं सारखं केलं. तुम्ही आत्ता केलंत ना, अगदी तसंच तोंड. म्हणाले, "कोट नाही म्हणाला. कोटानं नाकारलेली पोर आम्ही घरात घेणार नाही."

बा म्हणाला, "अहो, तो कोट नव्हता, माणूस होता."

"विचारलं कुणाला? कोटाच्या धन्याला. उत्तर कुणी दिलं? धन्यानं. मग?"

कुणीतरी म्हणालं, वेशीजवळ दुसरा उंबर आहे, त्याची फांदी घेऊ. सासूबाई म्हणाल्या, एकदा विचारून नकार घेतला, आता दुसरीकडची आणली तर ती देवाशी लबाडी होईल. त्यांचंही चूक नव्हतं. मी मागं उभी राहून ऐकत होते. हळद लागायच्या आधीच पिवळी पडले. लग्न मोडलं तर मोडलं, दुसरं होतं. पण कोटानं नाकारलेली म्हटल्यावर दुसरं कोण करणार? आणि मला दुसरं नकोच होतं. मला ते बेसूर गाणारेच पाहिजे होते.

माणसं माघारी वळली. तेवढ्यात आत्यानं दाराच्या पायरीवर फतकल मारली.

"आनंदाभाऊ, हाका किती?"

"तीन."

"झाल्या किती?"

"एक."

"मग एका नकाराला उठतोय कोण? बसा खाली. दुसरी हाक मला वाटेल तेव्हा देईन."

धवलारणीपुढं कुणाचं चालतं? बसले सगळे. बायकांनी पानं काढली. फाटकावरचा शिपाई हाकलायला आला, त्याला आत्यानं पान दिलं, तोही टेकला. मग तिनं गायला घेतलं. मागायचं गाणं नाही, कोटाचं गाणं. ते एरवी हळदीला म्हणतात, पण तिनं तिथंच काढलं.

फिरंगी आयला नि गलबतानं गेला,
जाताना लेकीला उंबर देऊन गेला.
मराठा आयला नि घोऱ्यावर गेला,
जाताना लेकीला उंबर देऊन गेला.

असं ते लांबलचक आहे. एकेक धनी येतो, कुणी पायरी बांधतो, कुणी विहीर खोदतो, कुणाचा घोडा चिखलात रुततो, कुणाची बायको खाडीला घाबरते. प्रत्येकाच्या शेवटी तो फांदी देऊन जातो. एकीनं सुरू केलं की सगळ्या बायका उचलतात. उन्हं डोक्यावर आली, कलली, आमचं चाललेलं. मी नुसती रडत होते.

शेवटी फाटक उघडलं. महाराज स्वतः आले, मागं सहदेव माळी.

"काय चाललंय हे?"

"लग्न," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली.

"कुणाचं?"

"हिचं. तुम्ही अडवलंय ते."

महाराजांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदरात तोंड घातलं. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "आणि हे गाणं कुणाचं?"

"तुमच्या कोटाचं."

"माझ्या कोटाला गाणं आहे?"

"कोट तुमचा होता त्याच्या आधीपासून आहे."

विहीणबाई, तो एवढा राजा, पण पायरीवर बसला. आत्याच्या खालच्या पायरीवर. म्हणाला, "पहिल्यापासून म्हणा." आत्यानं पुन्हा सुरू केलं. फिरंगी झाले, मराठे झाले, टोपीवाला मचव्यातून आला नि मचव्यानं गेला. मग आत्यानं सूर ओढला, "महिपतराजा आयला नि..." आणि थांबली.

"थांबलात का?"

"पुढचं अजून झालेलं नाही."

महाराजांनी खाडीकडं तोंड केलं. "हे सगळे गेलेच की," ते म्हणाले.

"सगळेच जातात, महाराज."

"ज्यांनी फांदी दिली नाही, त्यांचं काय?"

"असतील कोणी. त्यांची नावं आमच्याकडं नाहीत."

सहदेव मागं तोंड फिरवून हसला. महाराज नाही हसले. म्हणाले, "बाई, या खाऱ्या मातीत मी काय काय लावलं. सगळं मेलं. हे एकच झाड जगलंय. तेच तोडून देऊ?"

तोवर मला त्यांचा इतका राग आलेला की विचारू नका. पण ते ऐकलं आणि राग पार उतरला. एकच मूल हाताला लागलेला बाप जसं बोलेल तसं बोलले ते. आणि तोंडातून एकदम निघून गेलं, "तुम्ही फांदी द्या, मी झाड देते."

नवरी मुलगी बोलली म्हणून सासूबाईंनी डोळे वटारले. महाराज वळले. "कसलं झाड?"

"उंडीचं. आमच्या दारात रोपं पडलीत. पांढरी फुलं येतात, वास येतो, दिव्याला तेल येतं. फांदी गेली त्याच्या बदल्यात लावते."

"आणि मेलं तर?"

"मेलं तर मला बोलवा. दुसरं लावीन. डोंबिवली काही लांब नाही."

म्हणजे डोंबिवलीला जायचं मी मनानं सोडलेलं नव्हतं, बघा. सासऱ्यांच्या ते बरोबर ध्यानात आलं आणि ते मिशीत हसले. मला नंतर कितीतरी वर्षं त्यावरून चिडवायचे.

महाराज उठले, आत गेले, फाटक लावून घेतलं. आम्हाला वाटलं संपलं. तर फाटकाआडून आवाज आला, "विचारा दुसऱ्यांदा."

आत्यानं दुसरी हाक दिली. आतून काहीच नाही. मग सरबताचे पेले आणि पानसुपारी घेऊन नोकर बाहेर आले. आम्ही सगळे सरबत प्यालो. मग तिसरी हाक. आणि आतून दणदणीत आवाज आला, "घ्या."

फांदी धन्यानं स्वतः तोडायची असं महाराजांनी स्वतःच ठरवलं. घराण्याची तलवार आणवली. तिनं काय कुणाला कापलं असेल देव जाणे, उंबराला तरी कापेना. जरीच्या अंगरख्यावर पांढरा चीक उडाला, टोपी खाली पडली. शेवटी बानं कोयता पुढं केला, महाराजांनी तो घेतला आणि एका घावात फांदी खाली. मग बाला विचारतात, "जेवायला बोलावणार आहात की नुसतीच फांदी नेणार?" आले ना जेवायला. पंगतीत मांडी घालून बसले. पोटाचं दुखणं होतं म्हणे. सुक्या बोंबलाचं कालवण तीनदा वाढून घेतलं, दुखणं कुठं गेलं कुणास ठाऊक.

निघताना आत्याला म्हणाले, "पुढच्या मुलीलाही देईन. पण पहिल्या हाकेला मी नाहीच म्हणणार. राजा आहे मी. पहिल्या हाकेला हो म्हटलं तर राजेपण काय उरलं?"

"म्हणा की," आत्या म्हणाली. "आम्ही बसू पायरीवर."

तेव्हापासून ही रीत. पहिल्या हाकेला नाही, दुसरीला सरबत, तिसरीला घ्या. आणि फांदीच्या बदली नवरीनं एक रोप लावायचं. ही आतली सगळी बाग, विहीणबाई, गावच्या मुलींची आहे. तो करंज सगुणाचा. तो केवडा लक्ष्मीचा, ती लग्नाआधी जशी होती तसाच आहे, जवळ गेलं की बोचतो. उंडी माझी, ती बुरुजाच्या वर गेलेली. सहदेव झाडांना मुलींच्याच नावानं ओळखायचा. एकदा भर दुपारी बांधावरून ओरडला, "मालन वाळायला लागली, पाणी आणा," आणि मालनची आई हंडा टाकून कळव्याच्या वाटेला धावत सुटली, लेक तिकडं दिलेली. आम्ही तिला वेशीत धरून परत आणली. त्या दगडाच्या बाईच्या अंगावरचं मीठ मात्र कुणी काढलं नाही. महाराज म्हणायचे, तेवढंच माझं पीक.

आम्ही दोघं पुढं इकडंच राहायला आलो. बाला मुलगा नव्हता, मिठागर बघायला कुणीतरी हवं होतं. म्हणून महाराजांची शेवटची वर्षं मी पाहिली. गुडघ्यांनी धरलं तरी बुरुजावर खुर्ची नेऊन बसायचे, का, तर 'नाही' वरूनच म्हणायला हवं. मग घाटावर गेले आणि तिकडंच वारले. त्यांच्या मुलांना खारा वारा सोसत नाही, ती येत नाहीत. राजवाड्याला कुलूप आहे. सहदेव आहे अजून, थकलाय.

महाराज गेल्यानंतरचं पहिलं लग्न गावातल्या रघूच्या मुलीचं. आम्ही सगळे आलो, आत्यानं हाक दिली. वरून काही आलं नाही. जुन्या रितीनं हे चांगलंच होतं, नकार नाही म्हणजे परवानगी. पण कुणी कोयता उचलेना. आत्यानं मान वर करून बुरुजाकडं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. मला ते सहन होईना. मी छाती भरून, होईल तेवढा जाड आवाज काढून म्हटलं, "नाही."

क्षणभर कुणाला कळेना. मग आत्याच आधी हसली. डोळे पुसत हसली, आणि मग सगळ्या. म्हणून आज आमच्या बायका हसल्या. तुम्हाला हसल्या नाहीत हो.

तेव्हाच आम्ही बायकांनी ठरवलं, पहिल्या हाकेचा 'नाही' यापुढं मुलीच्या आईचा. माझ्या लेकीला तुमच्या घरी द्यायला मी नाही म्हणेन होय? तुमचा उत्तम तिला आवडतो. काल रात्री जेवली नाही, तेव्हाच मी ओळखलं.

आत्या जाऊन आता पाचसहा वर्षं झाली, पण गाण्यातली ओळ तिनंच केलेली आहे आणि ती कुणाला बदलू देत नाही मी:

महिपतराजा आयला नि कोटातच ऱ्हायला,
नाही नाही म्हणत उंबर देत ऱ्हायला.

बाकी सगळे गाण्यात गेले. हा एकटा राहिला.

चला, दुसरी हाक झाली, ऐकलीत? सरबत घ्या. कोकमाचं आहे, डोकं शांत होतं. आणि आता उठा, पण घरी जायला नाही. तिसऱ्या हाकेचा 'घ्या' मुलाच्या आईनं म्हणायचा असतो. त्यासाठीच तर तुम्हाला इथवर आणलं. त्या फाटकाआड जाऊन उभ्या राहा, सहदेव दाखवेल. हाक संपली की मोठ्यानं म्हणा, आवाज जरा जड काढा. राजा होता तो.